ख्रिसमस बेटावरील मॅकलिअरचा उंदीर : संग्रहालयीन नमुने, संकलनस्थळ व संकलनकाळ

प्रस्तावना :
संग्रहालयात जतन केलेले प्राण्याचे कातडे किंवा कवटी हा प्राणिशास्त्रीय अभ्यासाचा मूलभूत पुरावा मानला जातो. परंतु त्या नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर संकलनाचे ठिकाण व दिनांक नसेल तर त्याचे शास्त्रीय मूल्य फारच घटते. नामशेष झालेल्या प्रजातींच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते, कारण तेथे नवा नमुना मिळण्याची शक्यताच उरलेली नसते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील मॅकलिअरचा उंदीर (रॅटस मॅकलिअरी) हे याचे बोलके उदाहरण होय. त्याच्या नमुन्यांची संकलनस्थळे व संकलनकाळ यांचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बेटाचे स्वरूप :
जावाच्या दक्षिणेस सुमारे 350 कि.मी. अंतरावर असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ साधारण 135 चौ.कि.मी. आहे. किनाऱ्यावर चुनखडीचे उभे कडे, त्यांवर पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या सपाट्या आणि मध्यभागी उष्णकटिबंधीय वर्षावनाने आच्छादलेले पठार अशी त्याची रचना आहे. 1888 मध्ये ब्रिटनने ते ताब्यात घेतले. 1958 पासून ते ऑस्ट्रेलियाच्या अधिपत्याखाली आहे.

नमुन्यांचे संकलन :
1887 मध्ये ‘फ्लाइंग फिश’ या सर्वेक्षण जहाजाचे कप्तान मॅकलिअर यांच्या पथकाने बेटावरून काही प्राणी गोळा केले. त्यांतील उंदराचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले व त्यास कप्तानांचे नाव दिले. त्याच वर्षी ‘एजेरिया’ जहाजातून आलेले निसर्ग अभ्यासक जे. जे. लिस्टर यांनी अधिक नमुने मिळविले. पुढे ब्रिटिश म्युझियमचे सी. डब्ल्यू. अँड्र्यूज यांनी 1897-98 मध्ये बेटावर सुमारे दहा महिने राहून सविस्तर निरीक्षणे केली. ती 1900 मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली.

अँड्र्यूज यांच्या नोंदींतून दोन स्थानिक उंदरांच्या अधिवासांतील भेद कळतो. मॅकलिअरचा उंदीर बेटावर विपुल होता. तो सूर्यास्तानंतर थव्याथव्याने बाहेर पडे, झाडांवर चढे आणि तंबूंतही शिरे. याउलट ‘बुलडॉग’ उंदीर (रॅटस नेटिव्हिटाटिस) मंद हालचालींचा असून मुख्यतः उंच टेकड्यांवरील दाट वनात, मुळांमधील बिळांत राहत असे. संकलनस्थळाची नोंद केवळ पत्ता नसून अधिवासाचा पुरावाही असते, हे यावरून दिसते.

नामशेष होण्याचा प्रश्न :
1899 मध्ये ‘हिंदुस्तान’ या जहाजातील गवताच्या गाठींबरोबर काळे उंदीर बेटावर उतरले. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्थानिक उंदीर दिवसाढवळ्या आजारी अवस्थेत वाटांवर आढळू लागले. बेरीबेरी रोगाच्या तपासासाठी आलेले डॉ. एच. ई. डरहॅम यांना उंदरांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा हा परजीवी दिसला. 1908 मध्ये अँड्र्यूज पुन्हा बेटावर आले तेव्हा त्यांना दोन्हीपैकी एकही स्थानिक उंदीर आढळला नाही.

रोगामुळे हे घडले काय, की दोन जातींच्या संकरामुळे? येथे संग्रहालयातील चिठ्ठ्या उपयोगी पडल्या. सर्व नमुने एकाच बेटाचे असल्याने केवळ स्थळ पुरेसे नव्हते. संकलनकाळामुळे त्यांची 1899 पूर्वीचे व नंतरचे अशी विभागणी करता आली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जुन्या नमुन्यांतील डी.एन.ए. तपासण्यात आला. काळे उंदीर येण्यापूर्वीच्या नमुन्यांत परजीवीचा मागमूस नव्हता. नंतरच्या काही नमुन्यांत तो आढळला. संकराचा पुरावा मिळाला नाही.

अर्थात, जुन्या नमुन्यांची संख्या अल्प आहे, आणि संसर्ग आढळणे म्हणजे मृत्यूचे कारण सिद्ध होणे नव्हे. पिसवांमार्फत पसरणारा हा परजीवी काळ्या उंदरास सहसा फारसा अपाय करीत नाही. परंतु त्याच्याशी पूर्वी कधीही संबंध न आलेल्या बेटावरील जातींना तो घातक ठरला असावा, या अनुमानास वरील निष्कर्षांनी बळकटी दिली.

2022 मध्ये याच उंदराच्या जुन्या कातड्यांतून जनुकसंच पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न झाला. तपकिरी उंदराच्या जनुकसंचाशी तुलना करता सुमारे पाच टक्के भाग हाती लागला नाही. त्यात रोगप्रतिकार व गंधज्ञान यांच्याशी संबंधित जनुके होती. नामशेष जाती परत आणण्याच्या कल्पनेची मर्यादा यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
लिस्टर वा अँड्र्यूज यांना डी.एन.ए. तपासणीची कल्पनाही नव्हती. तरीही त्यांच्या काळातील नमुने स्थळ-काळाच्या नोंदींसह जपले गेले, म्हणून शंभर वर्षांनंतर त्यांना नवा प्रश्न विचारता आला. महाविद्यालयीन संग्रहालयांतही अनेक नमुने केवळ नावाच्या चिठ्ठीसह ठेवलेले असतात. संकलनाचे नेमके ठिकाण, उंची, अधिवास, दिनांक व संकलकाचे नाव एवढी नोंद प्रत्येक नमुन्यासोबत असणे अत्यावश्यक आहे. प्रजाती नष्ट झाल्यावर ही माहिती पुन्हा मिळविता येत नाही.