एकावन्न मोठे की अडतीस?

एकावन्न मोठे की अडतीस? पहिलीतलं पोरही उत्तर देईल. पण १९९९ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने लोकसभेसाठी मतदान केलं आणि अडतीस जिंकले!

काँग्रेसला राज्यात सुमारे ३० टक्के मतं पडली, राष्ट्रवादीला साडेएकवीसच्या आसपास. दोघांची मिळून एकावन्न. शिवसेना-भाजप युतीला सुमारे ३८. आणि ४८ पैकी जागा? युतीला २८, काँग्रेसला १०, राष्ट्रवादीला ६. आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, एकसंध काँग्रेसने रिपब्लिकन नेत्यांच्या साथीने ३७ जागा जिंकल्या होत्या आणि युती दहावर अडकली होती.

मधल्या काळात घरात वाटण्या झाल्या. सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढल्यावरून मे १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली. जूनमध्ये त्यांची राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली.

आपल्याकडे निम्म्याहून जास्त मतं मिळवण्याची अट नाही, इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा एक मत जास्त पुरतं. गावात शंभर मतं पडली असं धरा. साठ एका पक्षाची, चाळीस दुसऱ्याची. आता साठांचे तीस-तीस करा. एकाही मतदाराने विरोधकाला मत दिलं नाही, कुणाचं मन पालटलं नाही, तरी गुलाल चाळीसवाल्यांच्या अंगावर! दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण इथे चक्क गणित होऊन उभी राहते.

याहून मोठं नवल पुढे आहे. त्याच वेळी, त्याच रांगांत उभं राहून लोकांनी विधानसभेसाठीही मतं दिली. तिथेही दोन्ही काँग्रेसना मिळून सुमारे ५० टक्के आणि युतीला ३२. पण इथे जागा पडल्या काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. शिवसेना ६९, भाजप ५६. म्हणजे १३३ विरुद्ध १२५. फूट तीच, फटका मात्र हलका. त्याचं एक कारण मतदारसंघाच्या आकारात आहे. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मावतात. लहान मतदारसंघात स्थानिक नेत्याची पकड घट्ट असते. जिथे राष्ट्रवादीच्या घड्याळाचा गड, तिथे काँग्रेसचा हात दुबळा, आणि उलटही. मतं अशी गावोगाव वेगवेगळी साचली, तर फूट पचते. सगळीकडे सारखी वाटली गेली, की दोघेही बुडतात. तरीही निम्मी मतं मिळवून बहुमताचा १४५ चा आकडा दूरच राहिला.

मग ऑक्टोबरमध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र बसल्या आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. मतदानाआधी न झालेली बेरीज मतमोजणीनंतर झाली!

तेव्हापासून निकाल वाचताना कुणाला किती टक्के, हे मी नंतर पाहतो. आधी पाहतो, हरलेली मतं किती वाट्यांत सांडली होती.