किनाऱ्यावरचे सहा तास : तीन पिढ्यांच्या समुद्रप्रवासाचे नियोजन

दिवाळीला वह्यांचे पूजन झाले, कार्तिकी अष्टाह्निका पार पडली, की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि गुजरीतील व्यापारी घरांत वर्षातून एकदाच मिळणाऱ्या मोकळ्या आठवड्याचा विचार सुरू होतो. पूर्वी हा आठवडा श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी किंवा सम्मेदशिखरजीसाठी राखून ठेवलेला असे. अलीकडे त्या यादीत समुद्रपर्यटनाचीही भर पडली आहे. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक आहे त्यांच्याकडे कॅरिबियन बेटांची भाषा होते. इतरांच्या घरी मुंबईहून गोवा, कोची वा लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीची.

या दोन प्रवासांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० साली बांधली गेली. रॉयल कॅरिबियन कंपनीकडे असताना तिने मायामीहून कॅरिबियन समुद्राच्या अनेक फेऱ्या केल्या आणि २०२१ पासून तीच बोट मुंबईहून सुटू लागली. बोट तीच, समुद्र निराळा. आणि तीन पिढ्यांना एकत्र घेऊन निघालेल्या कुटुंबाची अडचण मात्र दोन्ही समुद्रांत सारखीच.

ही अडचण बोटीवर जाणवत नाही. तिथे लिफ्ट असते, बसायला जागा असते, खोली चार पावलांवर असते. खरा प्रश्न बंदर आल्यावर उभा राहतो. एखादे अकरा माणसांचे घर डोळ्यांसमोर आणावे. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रस्त आजी. मधुमेह असलेले आजोबा. दोन मुलगे, दोन सुना, आलेली लेक, आणि चार नातवंडे, त्यांतले धाकटे पाच वर्षांचे. मुलांना पाण्यात उतरायचे असते, मुलग्यांना बाजार पाहायचा असतो, आजीला कुठे दर्शन घडेल का एवढेच विचारायचे असते. मग कोणीतरी अतिशय प्रेमाने म्हणते, “आजींना बोटीवरच राहू दे. तेवढाच त्यांना आराम.” आजीही लगेच मान डोलावते. तिच्यासोबत एक सून थांबते, आणि बहुधा प्रत्येक बंदरावर तीच सून थांबते. घरी परतल्यावर छायाचित्रे पाहताना ध्यानात येते, की आठ दिवसांच्या सहकुटुंब सहलीत सगळे कुटुंब किनाऱ्यावर एकदाही एकत्र नव्हते.

हे टाळायचे असेल तर नियोजनाची सुरुवात आजीपासून करावी लागते. जिथे आजी जाऊ शकते तिथे सगळे जाऊ शकतात. याच्या उलट खरे नसते.

तासांचा हिशोब

बोट सकाळी आठला बंदराला लागते आणि सायंकाळी पाचला सुटते असे पत्रकावर छापलेले असते. नऊ तास हाताशी आहेत असे वाटते. पण ओळखपत्रांची तपासणी आणि उतरणाऱ्यांची गर्दी यांत पहिला तास जातो. सुटण्याआधी साधारण तासभर सर्वांनी बोटीवर परतलेले असावे असा नियम असतो. वाहतुकीच्या खोळंब्यासाठी आणखी एक तास बाजूला काढला, की हाती सहा तास उरतात. भांडवल सहा तासांचे आहे हे एकदा मान्य केले, की त्यात पाच ठिकाणे कोंबण्याचा मोह आपोआप सुटतो. ज्येष्ठांसोबत एक मुख्य ठिकाण, एक निवांत भोजन आणि एक छोटा थांबा, एवढेच नीट होते.

दुसरा प्रश्न पैशांचा. किनाऱ्यावरची सहल सहसा तिकिटात धरलेली नसते. बोटीच्या कंपनीमार्फत घेतलेली सहल महाग पडते; स्वतः गाडी ठरवली तर अकरा माणसांत ती स्वस्त पडते. परंतु कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट सहसा थांबते; आपली गाडी अडकली तर थांबत नाही. जादा मोजलेल्या रकमेकडे व्यापाऱ्याने विम्याचा हप्ता म्हणून पाहावे. त्यावरून सोपा नियम निघतो : ठिकाण दूर असेल तर कंपनीची सहल, बंदराच्या जवळ असेल तर स्वतःची गाडी. उतरताना बोटीचे दैनिक पत्रक जवळ ठेवावे, कारण त्यावर बंदरातील प्रतिनिधीचा क्रमांक असतो. घड्याळही बोटीच्या वेळेवरच ठेवावे. कॅरिबियन समुद्रात बेटाची वेळ आणि बोटीची वेळ यांत कधी कधी एका तासाचे अंतर असते.

धक्का की होडी?

बंदर निवडताना गुडघेदुखी असलेल्या घराने पहिला प्रश्न हा विचारावा, की बोट धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकते. कोचीला विलिंग्डन बेटावर किंवा गोव्यात मुरगाव बंदरात बोट धक्क्याला लागते. उतारावरून चाकांची खुर्चीही नेता येते. लक्षद्वीपला मोठी बोट दूर उभी राहते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. लाटांवर हलणाऱ्या होडीत पाऊल टाकणे हे आजीसाठी सगळ्या प्रवासातले सर्वांत अवघड पाऊल ठरते. कॅरिबियनमध्येही हाच भेद आहे. बहामाच्या नासाऊला किंवा मेक्सिकोच्या कोझुमेलला धक्का आहे. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटीला होड्यांनी जावे लागते. ज्या एका दिवशी आजीने बोटीवर राहणे खरोखर हिताचे असेल तो दिवस होडीच्या बंदराचा ठेवावा. तिच्यासोबत कोणी थांबायचे याची पाळी आधीच कागदावर लिहावी, आणि त्या कागदावर मुलग्यांचीही नावे असावीत.

सूर्यास्त आणि ताट

जैन घराच्या नियोजनात आणखी एक घड्याळ असते, ते सूर्याचे. डिसेंबरात कोल्हापूरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नासाऊला त्याहून अर्धा तास आधी, साडेपाचच्याही अलीकडे. मोठ्या बोटींवर रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत साधारण त्याच सुमारास बसते. रात्रिभोजनत्याग किंवा चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांची बोटीवरची पहिली उपाशी संध्याकाळ याच गफलतीतून घडते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर जैन भोजन मिळते. परदेशी बोटीवर ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे लागते. ‘शाकाहारी’ हा शब्द पुरेसा नसतो. कांदा, लसूण, बटाटा, गाजर आणि इतर कंदमुळे नकोत, अंडे नको, आणि ताट सूर्यास्तापूर्वी हवे, हे सुटे सुटे लिहून द्यावे. पोहोचल्यावर पहिल्याच दुपारी भोजनगृहाच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटावे. उकळलेले पाणी खोलीत मागवता येते. किनाऱ्यावरून परतण्याची वेळही या ताटाच्या हिशोबाने ठरवावी.

शिदोरीबाबत एक सावधगिरी हवी. घरी केलेले अन्न बहुतेक बोटींवर चालत नाही आणि अनेक बेटांवर ताजी फळे किंवा घरचे पदार्थ उतरवण्यास मनाई असते. कारखान्यात बंद केलेली खाकऱ्याची, राजगिरा लाडूची किंवा लसूण नसलेल्या भडंगाची पाकिटे सहसा अडत नाहीत.

सहल निवडतानाही अहिंसेचा विचार येतोच. कॅरिबियन बंदरांच्या यादीत मासेमारी, घोडेस्वारी आणि कोंडून ठेवलेल्या डॉल्फिनसोबत पोहणे यांची रेलचेल असते. मुलांना ती चित्रे आवडतात. त्यांना नुसते नाही म्हणण्यापेक्षा तो प्राणी तिथे कसा आला हे समजावून सांगावे आणि दुसरे काही पुढे ठेवावे. सेंट लुसियाच्या सूफ्रिएर गावाजवळ धबधब्याचे डायमंड वनस्पती उद्यान आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी त्रिनिदादला उतरली. त्यांचे वंशज आजही तिथे दिवाळी साजरी करतात. हा इतिहास नातवंडांनी आजोबांच्या शेजारी बसून ऐकण्यासारखा आहे.

हंगामाबाबत तर परंपरा आणि वेधशाळा एकाच निष्कर्षाला येतात. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. आपला चातुर्मास आषाढापासून कार्तिकापर्यंत चालतो आणि अरबी समुद्रही पावसाळ्यात खवळलेला असतो. जो काळ मुनिवर्य एका जागी राहण्यात घालवतात त्याच काळात सहलीचे दर उतरलेले दिसतात. त्या स्वस्ताईचे कारण वादळांत आहे.

घराजवळचा किनारा

इतक्या दूर जाण्यापूर्वी आपल्याच किनाऱ्याकडे पाहायला हरकत नाही. मंगळूरजवळ पणंबूर येथील नव मंगळूर बंदरात हिवाळ्यात परदेशी प्रवासी जहाजे येतात. त्यांतील पाहुण्यांना किनाऱ्यावरच्या सहलीत जिथे नेले जाते त्यांत मूडबिद्रीची साविर कंबद बसदी, म्हणजे हजार खांबांचे चंद्रनाथ मंदिर, हे एक ठरलेले ठिकाण आहे. १४३० च्या सुमाराचे हे तीन मजली मंदिर बंदरापासून अवघ्या तासाभराच्या अंतरावर आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला प्रवासी आपल्या सहा तासांतले दोन तास तिथे देतो, आणि कोल्हापुरातल्या कित्येक नातवंडांनी ते पाहिलेले नसते.

मूडबिद्रीच्या गुरु बसदीत शतकानुशतके जपलेल्या ताडपत्रांवरून धवला ग्रंथ जगासमोर आला. १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तो छापला जाऊ लागला, आणि त्या कामाला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे साहाय्य होते. मूडबिद्रीपासून जवळच कारकळला १४३२ साली उभारलेली ४२ फुटी बाहुबलींची मूर्ती आहे, तर वेणूरला १६०४ सालची. कारकळच्या पुढे वरंग येथे तलावाच्या मध्यभागी बसदी आहे आणि तिथे नावेने जावे लागते. शांत पाण्यातला हा छोटा नौकाप्रवास आजीच्या गुडघ्यांना झेपतो आणि पाच वर्षांच्या नातवालाही बोटीत बसल्याचा आनंद देतो.

मुंबईहून बोटीने कोचीला गेल्यासही दर्शन घडते. विलिंग्डन बेटावरून मट्टनचेरीला गाडीने फारसा वेळ लागत नाही. तिथल्या गुजराती वस्तीत धर्मनाथांचे मंदिर आहे. दुपारी कबुतरांना दाणे घालण्याचा तिथला परिपाठ मुलांना खिळवून ठेवतो. पलीकडे मिरी आणि सुंठीच्या व्यापाराच्या जुन्या वखारी आहेत. धान्याच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या आजोबांना तिथे मार्गदर्शकाची गरज पडत नाही. मालाचा वास घेऊन प्रत सांगणारा आपला आजोबा नातवंडांना कदाचित तिथेच पहिल्यांदा दिसतो. गोव्यात उतरलात तर फोंड्याजवळील बांदोड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष पाहता येतात.

समुद्र आणि जैन व्यापारी यांचे नाते जुनेच आहे; श्रीपाल आणि धवल शेठ यांच्या गलबतांची कथा आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. तरी समुद्र ओलांडण्याविषयी संकोचही होता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले. साधुधर्माच्या मर्यादेमुळे त्यांना जहाजाने जाणे शक्य नव्हते. त्यांच्या वतीने एकोणतीस वर्षांचे वीरचंद राघवजी गांधी गेले, आणि परतल्यावर त्यांना समाजातील काहींचा रोष सहन करावा लागला. ज्या प्रवासासाठी त्यांना बोल ऐकावे लागले तो आज तिकीट काढून सहज घडतो. त्यांनी परदेशातही आचार सांभाळला होता, एवढी आठवण सामान बांधताना असावी.

तिकिटे काढण्यापूर्वी एका रविवारी सर्वांनी एकत्र बसावे. समोर बंदरांची यादी ठेवावी आणि पहिल्यांदा आजीला विचारावे, “तुम्हाला काय पाहायचंय?” ती सवयीने म्हणेल, “माझं काय, तुम्ही जाऊन या.” त्यावर यादी पुढे न सरकवता थोडे थांबावे. दुसऱ्यांदा विचारल्यावर ती बहुधा एखादे नाव सांगते. त्या नावाभोवती सहा तास आखायला घेतले, की उरलेल्या दहा माणसांचे जमवणे फारसे अवघड जात नाही.