परदेशस्थ वर आणि अडकलेली भेट

विवाहाच्या व्यवहारात फसवणूक ही काही नवी गोष्ट नव्हे. नसलेली शेती दाखवून, भाड्याचे घर स्वतःचे म्हणून सांगून सोयरिकी जुळविल्याच्या कथा गावोगावी ऐकावयास मिळतात. त्या फसवणुकीत निदान नवरा मुलगा तरी खरा असे! आज संकेतस्थळांवरून आणि भ्रमणध्वनीवरून जो प्रकार चालतो, त्यात तो मुळात अस्तित्वातच नसतो. नसलेल्या माणसाने आयुष्याची पुंजी नेली हे सांगावे तरी कोणाला, या विवंचनेत फसलेली व्यक्ती मूग गिळून बसते. या गुन्ह्याला तंत्रज्ञानाहून अधिक आधार या मौनाचा आहे, असे आमचे मत आहे.

या नाटकाची संहिता आता पोलिसांना पाठ झालेली आहे. एखाद्या घटस्फोटित, विधवा वा लग्नाचे वय उलटून गेलेल्या स्त्रीला परदेशातील स्थळ सांगून येते. वर लंडनमध्ये डॉक्टर असतो, नाही तर भर समुद्रातील तेलविहिरीवर अभियंता. (तेलविहिरीची निवड मोठ्या कल्पकतेने केलेली आहे. तेथे दूरध्वनी नीट लागत नाही, रजा मिळत नाही आणि चौकशीला कोणी जाऊ शकत नाही.) संभाषण लवकरच विवाहविषयक संकेतस्थळावरून खासगी क्रमांकावर नेले जाते, कारण तेथे देखरेख करणारे कोणी नसते. मग काही आठवडे, प्रसंगी काही महिने, जेवण झाले का, औषध घेतले का, अशी आस्थेची विचारपूस चालते. बहुतेक घरांत चाळिशी उलटलेल्या एकट्या बाईला असे कोणी विचारीत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यानंतर वार्ता येते की, दागिने आणि परकी चलन असलेले पार्सल पाठविले आहे. पाठोपाठ दिल्ली विमानतळावरील सीमाशुल्क अधिकारी म्हणविणाऱ्या कोणाचा तरी दूरध्वनी येतो. पार्सल अडकले आहे, शुल्क भरा. शुल्क भरले की दंड, दंड भरला की चलन बदलण्याचा खर्च आणि शेवटी अटकेची धमकी!

अशा वेळी एकच प्रश्न पुरेसा असतो: पैसे कोणाच्या खात्यात भरावयाचे आहेत? सीमाशुल्क हे सरकारचे देणे होय. ते कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात भरून घेण्याची पद्धत या देशात नाही. खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. कचेरीत बिनक्रमांकाचा कागद टेबलावरून पुढे सरकू न देणारा कारकूनही घरी आल्यावर भ्रमणध्वनीवरील चित्ररूप पत्राला मान तुकवितो, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

याच जातीचा दुसरा प्रकार गुंतवणुकीचा. येथे प्रियकर वा प्रेयसी पैसे मागत नाही, तर नफ्याची वाट दाखविते. आरंभी थोडा नफा हातातही पडतो. डुकराला खाऊ घालून मग कापावे, या अर्थाचे चिनी नाव या प्रकाराला पडले आहे. पलीकडे बसलेला माणूसही पुष्कळदा बंदीच असतो. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना अशा कामाला जबरदस्तीने जुंपले असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये वर्तविला. नोकरीच्या आमिषाने तिकडे गेलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना मार्च २०२५ मध्ये थायलंडमार्गे परत आणावे लागले.

आता गळ टाकण्याच्या प्रकाराविषयी, ज्याला फिशिंग म्हणतात. त्यात प्रेमाचे सोंगही लागत नाही. खाते बंद होणार, वीज तोडली जाणार, एवढी भीती पुरते. सोबत आलेल्या दुव्यातील पत्ता मुख्य नावापुरता उजवीकडून वाचावा. पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव कोणीही घालू शकतो; तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग खरा मालक सांगतो. भारतीय बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' ही राखीव अखेर ठरवून दिली, ती याचसाठी. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो. पैसे घेण्यासाठी तो मागणारा लबाडच समजावा.

या दोन प्रकारांतील एक भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ग्राहकाच्या संमतीवाचून रक्कम गेली, तर तोटा कोणी सोसावयाचा याचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना, खबर मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर भार नाही. गुप्त क्रमांक स्वतःच दिला असल्यास तक्रारीपर्यंतचा तोटा त्याचा. प्रेमाच्या फसवणुकीत मात्र पैसे आपण होऊन पाठविलेले असतात. तेथे हा आसरा मिळणे कठीण. उरतो तो वेळ. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविले, तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठविली जाण्याची शक्यता असते. आठवडा उलटला की ती झपाट्याने मावळते.

आणि नेमका हाच वेळ संकोचात जातो. जुन्या काळी स्थळाची चौकशी मामा-मावश्या करीत. त्यात जातीपातीची आणि हुंड्याची घाणही पुष्कळ होती, तिची आठवण काढून हळहळण्याचे कारण नाही. परंतु माणूस खरा आहे एवढे तरी त्यात कळे. आज प्रौढ स्त्री वा निवृत्त विधुर स्वतःचा जोडीदार स्वतः शोधू पाहतो, तेव्हा घरचे लोक हसतात. म्हणून तो शोध लपून होतो आणि भामट्याला हवी ती एकान्ताची खोली आपण होऊन उपलब्ध करून देतो. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; घरातील हसण्यावर कोणती सूचना काढणार? प्रत्यक्ष भेटीपूर्वी एक रुपयाही द्यावयाचा नाही, ही अट विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवली, तरी पुष्कळ निभावते. चेहरा पडद्यावर दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. आता तोही बनविता येतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमान्वये, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी पुरावा लागतो. आणि फसल्याचे कळताच लाजेने वा संतापाने पुष्कळजण सारी संभाषणे प्रथम पुसून टाकतात. क्रमांक, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार क्रमांक आणि ती गोड पत्रेसुद्धा जशीच्या तशी ठेवावीत. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी तीच लागतात.