उपाशी यीस्ट काय खातं?

नागपुरातल्या बऱ्याच किराणा दुकानांत पाव आणि पिझ्झासाठी कोरड्या यीस्टची पुडी मिळते. कोमट पाण्यात चमचाभर साखर विरघळवून त्यात हे भुरकट दाणे टाकले, की थोड्याच वेळात वर फेस चढतो. फेस पाहून यीस्टचं पोट भरलं असं वाटतं, पण त्या ग्लासात निम्माच शिधा असतो. साखरेतून ऊर्जा मिळते. प्रथिनं बनवायला मात्र नायट्रोजन लागतो आणि साखरपाण्यात तो जवळपास नसतोच. अशा वेळी यीस्टची पेशी वाढ थांबवते आणि स्वतःच्याच अंगातला काही माल मोडून त्यातून नवं लागणारं सामान काढते. हीच ऑटोफॅजी.

साखर आहे पण नायट्रोजन नाही, अशी नेमकी उपासमार जपानमधल्या योशिनोरी ओसुमी यांनी प्रयोगशाळेत घडवून आणली. १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. यीस्टच्या पेशीत व्हॅक्युओल नावाची एक मोठी थैली असते. तिच्यातल्या पाचक रसांत नको असलेला माल विरघळतो, हे माहीत होतं. पण तो विरघळतो इतक्या लवकर की आत काय गेलं ते दिसतच नाही. ओसुमींनी मग पाचक प्रथिनं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांतच थैली बारीक गोळ्यांनी भरून गेली. आत आलेला माल पचत नव्हता, नुसता साचत होता. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते गोळे थैलीत सतत थरथरताना दिसत होते. या निरीक्षणाचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी या कामाला लागणारी पंधरा जनुकं हुडकली. ‘ऑटोफॅजी’ हे नाव बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३ मध्येच दिलं होतं; ती चालते कशी, हे मात्र यीस्टमुळे कळलं. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओसुमींना एकट्याला मिळालं.

पण पेशीला कळतं कसं, की आता मोडतोड सुरू करायची? सगळ्यात विलक्षण भाग हाच आहे.

थैलीच्या आवरणावर टॉर्क-१ नावाचा प्रथिनांचा एक गट बसलेला असतो. प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं पेशीत पुरेशी आहेत तोवर तो जागा असतो आणि वाढ चालू ठेवतो. त्याच वेळी तो एटीजी-१३ या प्रथिनावर फॉस्फेटचे अनेक ठिपके चिकटवून ठेवतो. ठिपके असेपर्यंत एटीजी-१३ ला आपल्या जोडीदारांबरोबर नीट बांधणी करता येत नाही. नायट्रोजन संपला की टॉर्क-१ मंदावतो आणि काही मिनिटांतच ठिपके गळतात. एटीजी-१३, एटीजी-१ आणि एटीजी-१७ थैलीच्या शेजारी एकत्र येतात. तिथे एक वाटीसारखा पडदा वाढू लागतो, पेशीतला थोडा ऐवज कवेत घेतो आणि दहाएक मिनिटांत बंद होऊन त्याचा गोळा बनतो. गोळा थैलीला जाऊन मिळतो आणि आतलं सारं विरघळतं. जुनं घर उतरवताना सागाच्या फळ्या आणि कवेलू वेगळे काढून ठेवतात, तशी सुटी झालेली अमिनो आम्लं परत पेशीत येतात. ती आली की टॉर्क-१ पुन्हा थोडा जागा होतो आणि मोडतोडीला आवर बसतो. हा आवर फार मोलाचा आहे, कारण सगळंच मोडलं तर पेशी उरणार नाही.

सगळी अमिनो आम्लं इथे सारखी नसतात. आज बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत असलेले सुनील लक्ष्मण अमेरिकेत काम करत असताना एका गटात होते. मेथिओनिन हे एकटं अमिनो आम्लही ऑटोफॅजी दाबून धरू शकतं, हे त्या गटाने २०१३ मध्ये यीस्टवर दाखवलं.

टॉर्क-१ सापडला तो एका औषधामुळे. १९६४ मध्ये कॅनडाचं एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं होतं. तिथून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन मिळालं. सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने माँट्रियलमध्ये ते वेगळं केलं आणि त्याच्यामागचं काम वर्षानुवर्षं नेटाने चालू ठेवलं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या संशोधकांनी रॅपामायसिन नेमकं कुठे घाव घालतं ते यीस्टमध्येच शोधलं, आणि ते ठिकाण टॉर्क-१ मध्येच निघालं. रॅपामायसिन दिलं की भरपूर खाणं समोर असतानाही यीस्ट उपाशी असल्यासारखं वागतं.

विदर्भाने या कथेकडे लक्ष द्यावं, असं एक कारण आहे. मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दल शुक्ल आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ मध्ये. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात हा आजार घरोघरच्या बोलण्यात आहे. आता तांबडी रक्तपेशी घडते कशी ते पाहू. हाडांच्या मगजात तयार होताना तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे भाग, असतात. रक्तात पूर्ण पिकेपर्यंत ते सारे काढून टाकावे लागतात. हे काम ऑटोफॅजी करते, आणि त्यात यीस्टच्या एटीजी-१ चा आपल्या शरीरातला भाऊबंद, यूएलके-१, लागतो. सिकलसेलच्या काही रुग्णांच्या पिकलेल्या पेशींतही मायटोकॉन्ड्रिया उरलेले असतात, असं शिकागोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. हे उरलेले मायटोकॉन्ड्रिया पेशीला आतून त्रास देणारे ऑक्सिडंट वाढवतात. सिकलसेल असलेल्या उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर अशा पेशींचं प्रमाण घटलं.

उंदरांतला हा निष्कर्ष आहे, उपचार नव्हे. रॅपामायसिन प्रतिकारशक्ती दाबतं, आणि सिकलसेलच्या रुग्णाला संसर्गाचा धोका आधीच जास्त असतो. त्यामुळे डॉक्टरांशिवाय त्याचा विचारही करू नये.

नोबेलचा दाखला देऊन उपवासाचे फायदे सांगणारे मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर खूप फिरतात. यीस्टमध्ये उपासमारीने ऑटोफॅजी वाढते, हे पक्कं आहे. पण माणसाने अमुक तास उपाशी राहिलं की अमुक रोग बरा होतो, असं ओसुमींच्या प्रयोगांतून निघत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला तर अशा उपवासातून थेट अपाय होऊ शकतो. अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन घट्ट होतं, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना निर्जळी एकादशी करणं अशा माणसाला रुग्णालयात पोहोचवू शकतं.

म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल तर पेशी शुद्ध करण्याच्या नावाखाली त्याला उपाशी, तहानलेलं ठेवू नका. पाणी भरपूर द्या, उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि घरातल्या ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांची जवळच्या सरकारी रुग्णालयात करून घ्या.