इंग्रजांचीही बोलीच!

लेकीकडे यॉर्कशायरमधल्या लीड्सला राहायला गेले, तेव्हा धास्ती एकच होती, इंग्रजीची. पण मैत्रिणींनो, तिथं कळलं, खुद्द इंग्लंडातही पुस्तकातलं इंग्रजी सगळेच बोलत नाहीत!

दुकानातल्या बाई सुटे पैसे हातावर ठेवताना 'लव्ह' म्हणायच्या. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. आपली भाजीवाली 'ताई' म्हणते ना, तसंच ते. 'थँक यू'ऐवजी नुसतं 'टा'. 'काही नाही'ला 'नाउट', 'काहीतरी'ला 'समट'. चिंचोळ्या बोळाला 'गिनल'. अनेक घरांत 'टी' म्हणजे चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण! 'टीला या' म्हटलं की पोट रिकामं ठेवूनच जायचं.

गंमत म्हणजे 'नाउट' हे काही बिघडलेलं इंग्रजी नाही, जुन्या इंग्रजीतूनच ते आलंय. प्रमाण इंग्रजीतून केव्हाच गेलेलं 'तू' तिथल्या काही म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे.

मला आपल्याकडच्या मुली आठवल्या. घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी घडाघडा बोलणाऱ्या. पण पुण्याला कॉलेजात गेल्या की 'हसतील' म्हणून गप्प बसणाऱ्या. त्या दुकानातल्या बाईंना तर समोर परदेशी गिऱ्हाईक असूनही आपली बोली लपवावीशी वाटली नाही. प्रमाण भाषा शिकावीच. परीक्षेला, नोकरीला ती लागते. पण त्यासाठी आईची बोली टाकायची कशाला?