इंग्रजी वाक्यातील स्थानमाहात्म्य

तंजावरचे राजपुत्र सरफोजी १७९३ साली मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, राहावयास आले. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले होते; पण गादीवर चुलते अमरसिंग बसले होते, आणि तंजावरात या मुलाच्या जिवाची व शिक्षणाची शाश्वती उरली नव्हती. तंजावरात पाद्री श्वार्ट्झ यांनी आणि मद्रासमध्ये पाद्री गेरिके यांनी त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. हे दोघेही गुरू जन्माने जर्मन. घरात मराठी, भोवताली तमिळ आणि गुरूंची मायबोली जर्मन, अशा परिस्थितीत या मराठी राजपुत्राने इंग्रजी भाषा आत्मसात केली.

अशा विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण कोणती उभी राहते? शब्दांची नव्हे, शब्द पाठ करता येतात. अडचण असते ती वाक्यातील जागेची. ‘रामाने सीतेला पाहिले’ हे वाक्य ‘सीतेला रामाने पाहिले’ असे फिरविले, तरी पाहणारा रामच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय आपापले काम चोख करीत असतात. तमिळमध्येही हीच सोय आहे. ‘रामन् सीतैयै पार्त्तान्’ म्हणा किंवा ‘सीतैयै रामन् पार्त्तान्’ म्हणा, ‘सीतैयै’ यातील शेवटचा ‘ऐ’ सीता हे कर्म असल्याचे सांगतो. इंग्रजीत मात्र ‘राम सॉ सीता’ याऐवजी ‘सीता सॉ राम’ म्हटले की पाहणारी सीता होते. एकही अक्षर बदललेले नाही. केवळ जागा बदलली. आपल्याकडे विभक्ती जे काम करते, त्यातील मोठा वाटा इंग्रजीत स्थान उचलते.

इंग्रजी भाषा मुळात अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत असत. पुढे ते झिजले, आणि ‘ही’चे ‘हिम्’, ‘हू’चे ‘हूम्’ अशा सर्वनामांतच त्यांच्या खुणा मुख्यतः उरल्या. प्रत्यय गेल्यावर शब्दांचा क्रम ताठर झाला. कर्ता आधी, मग क्रियापद, त्यानंतर कर्म, ही साध्या विधानाची ठरलेली रांग होय. रांगेतील पहिली जागा सहसा रिकामी ठेवता येत नाही. म्हणून ‘पाऊस पडतो’ हे सांगताना इंग्रज ‘इट रेन्स’ म्हणतो. येथील ‘इट’ म्हणजे कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. ते जागा धरून बसले आहे इतकेच. ‘मला भूक लागली’ यातील ‘मला’ किंवा तमिळमधील ‘एनक्कु’ ही दोन्ही चतुर्थीची रूपे. पण इंग्रजीत ‘आय अ‍ॅम हंग्री’ म्हणताना भुकेलेल्या माणसाला कर्त्याच्या जागी बसावेच लागते. प्रश्नसुद्धा जागेने होतो. मराठीत ‘का’ आणि तमिळमध्ये ‘आ’ शेवटी जोडले की भागते. इंग्रजीत ‘राम इज हिअर’ याचे ‘इज राम हिअर’ करावे लागते.

मराठी विद्यार्थी खरा फसतो तो प्रयोगाच्या बाबतीत, आणि याचा थोडा दोष परिभाषेकडे जातो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. दोन्ही व्याकरणांतील संज्ञा शाळेत शेजारी शेजारी आल्या, आणि त्यांचा अर्थही एकच असावा असा समज पसरला. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून आपण त्याला कर्मणी प्रयोग म्हणतो. विद्यार्थी कर्मणी म्हणजे ‘पॅसिव्ह’ असे धरून ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे भाषांतर करतो. ते व्याकरणशुद्ध आहे. पण मराठी वाक्यात रामाला कोणी मागे ढकललेले नाही. त्याचा साधा इंग्रजी अवतार ‘राम एट द मँगो’ हाच. इंग्रजी ‘पॅसिव्ह’चे प्रयोजन वेगळे असते. तेथे कर्म पहिल्या जागेवर येते, आणि कर्ता ‘बाय’च्या आधाराने शेवटी उभा राहतो किंवा वाक्यातून नाहीसाच होतो. आपल्याकडे त्याच्या जवळचे रूप म्हणजे ‘आंबा खाण्यात आला’. कोणी खाल्ला, हे न सांगताही वाक्य पुरे होते. सरकारी लिखाणाला ही रचना का प्रिय असते, हे वेगळे सांगावयास नको.

सरफोजींच्याच घराण्यावर पुढे असा प्रसंग आला की, त्यात कर्त्याचा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहिला नाही. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली पुत्रावाचून निधन पावले. १८५६ साली तंजावरची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली. हे वाक्य मराठीत पूर्ण आहे, इंग्रजीतही होईल. पण राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा वाद होता तो या वाक्यात न आलेल्या कर्त्याचा. ताबा ईस्ट इंडिया कंपनीने घेतला हे उघड होते. पण कोणत्या नात्याने? कायद्याने हक्क सांगणारी एक पक्षकार म्हणून, की सार्वभौम सत्ता म्हणून? मद्रासच्या न्यायालयाने राणींच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली तो फिरविला: कृती सार्वभौम सत्तेची होती, म्हणून तिची शहानिशा करण्याचा अधिकार मद्रासच्या न्यायालयाला नव्हता.