विश्लेषण : ठोका बरोबर, तरी गेम ‘मिस’ का म्हणतो? रिदम गेमचा ताल नेमका कुठे बिघडतो?

गाणे ओळखीचे असते, ताल कळत असतो, बोटही वेळेवर पडत असते. तरीही स्क्रीनवर एकामागून एक ‘मिस’ झळकत राहते. मोबाइलवर रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर खेळायचे गेम, खेळणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. ‘आपल्याला तालाचे अंगच नाही’ असे ठरवून बरेच जण गेम काढूनही टाकतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष बोटाचा नसतो. तो फोनचा आणि विशेषतः कानातल्या वायरलेस इअरफोनचा असतो. हे गेम कसे चालतात, उशीर कुठे होतो आणि तो किती भरून काढता येतो, याविषयी...

रिदम गेम म्हणजे काय?

या गेममध्ये शत्रू, बंदूक किंवा शर्यत नसली तरी चालते. गाणे मात्र लागतेच. गाण्यातल्या ठरावीक क्षणांसाठी स्क्रीनवर खुणा येतात. ती खूण रेषेवर पोहोचेल त्याच क्षणी बटण दाबायचे, टॅप करायचे किंवा पाय आपटायचा. गेम दोन वेळा ताडून पाहतो : ठोका कधी पडायला हवा होता आणि प्रत्यक्षात कधी पडला. फरक जितका कमी तितके गुण जास्त. तबल्याच्या शिकवणीत गुरुजी जे काम कानाने करतात, तेच येथे घड्याळ करते. फरक इतकाच, की गुरुजींना शिष्य ‘जवळपास’ बरोबर असल्याचे कळते, तर घड्याळाला फक्त आकडा दिसतो.

सुरुवात कुठून झाली?

या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली ती जपानने. संगीतकार मासाया मात्सुउरा यांचा ‘पॅरॅप्पा द रॅपर’ हा गेम १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर आला. पुढच्याच वर्षी कोनामी कंपनीने पाच कळा आणि डीजेची तबकडी असलेले ‘बीटमेनिया’ हे यंत्र गेम पार्लरमध्ये आणले. १९९८ मध्ये त्याच कंपनीचे ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ आले. चार बाणांवर पाय टाकत नाचायचे हे यंत्र आणि त्याची भावंडे आपल्याकडच्या मॉलमधील गेम झोनमध्येही दिसतात. २००१ मध्ये नामको कंपनीने ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये खेळाडूच्या हाती काठ्या देऊन त्याला जपानी ढोलासमोर उभे केले. २००७ मध्ये संगणकावर ‘ओसू’ आला. निन्टेन्डो डीएसवरील एका जपानी गेमपासून प्रेरणा घेतलेला हा गेम मोफत आहे आणि त्यातील खुणांचे नकाशे खेळाडू स्वतः तयार करतात. म्हणूनच तो आजही टिकून आहे.

‘गिटार हिरो’ची लाट आली आणि ओसरली कशी?

अमेरिकेत हा प्रकार घरोघरी पोहोचवला तो २००५ च्या ‘गिटार हिरो’ने. पाच रंगीत बटणांची प्लास्टिकची गिटार गळ्यात अडकवून रॉक गाणी ‘वाजवायची’, ही कल्पना प्रचंड चालली. २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीची विक्री १ अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने जाहीर केले. त्याच वर्षी गिटारसोबत ड्रम आणि गायनही असलेला ‘रॉक बँड’ आला. पण २००९ या एकाच वर्षात अर्धा डझन गेम बाजारात ओतले गेले. मंदीच्या काळात महागडी प्लास्टिकची वाद्ये पुन्हा पुन्हा घ्यायला लोक तयार नव्हते. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने गिटार हिरोचा विभागच बंद केला.

या कथेत ग्राहकासाठी एक धडाही आहे. २०१५ मध्ये हीच मालिका ‘गिटार हिरो लाइव्ह’ या नावाने परतली. त्यातील बहुतेक गाणी इंटरनेटवरून वाजत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ती सेवा थांबली आणि गेम विकत घेतलेल्यांकडे डिस्कवरची ४२ गाणी तेवढी उरली. गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असतात आणि सर्व्हर कंपनीचा असतो. त्यामुळे रिदम गेम ‘विकत घेतला’ म्हणजे त्यातले गाणे कायमचे आपले झाले असे नाही.

वेळ किती काटेकोर मोजली जाते?

मिनिटाला १२० ठोके हा अनेक नाचण्याजोग्या गाण्यांचा वेग. म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद, अर्थात ५०० मिलिसेकंदांचे अंतर. (१००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद.) एका ठोक्याचे चार भाग केले, म्हणजे आपल्या भाषेत चौगुन केली, तर प्रत्येक भागाला १२५ मिलिसेकंद मिळतात. अवघड गाण्यांत खुणा इतक्याच जवळजवळ येतात.

‘ओसू’मध्ये पूर्ण ३०० गुण मिळवायचे, तर मध्यम काटेकोरपणाच्या पातळीवर (५) ठोका ठरलेल्या क्षणाच्या ५० मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पडावा लागतो. सर्वात काटेकोर नेहमीच्या पातळीवर (१०) ही सूट २० मिलिसेकंदांवर येते. हा काळ किती लहान? आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ढोल-ताशा पथकात ताशापासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या ढोलवाल्याला ताशाचा ठोका १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. २० मिलिसेकंद म्हणजे त्याच पथकात जेमतेम सात मीटरचे अंतर.

फोनमध्ये उशीर कुठे होतो?

बोट काचेवर टेकण्यापासून आवाज कानात पडेपर्यंत अनेक टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा आपला वेळ घेतो. पहिला टप्पा स्पर्शाचा. स्क्रीन सेकंदाला १२० वेळा स्पर्श तपासत असेल, तर एका तपासणीसाठी ८ मिलिसेकंदांपर्यंत थांबावे लागू शकते. दुसरा टप्पा चित्राचा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंदांनी. तिसरा टप्पा आवाजाचा. फोन आवाज थेंबाथेंबाने पाठवत नाही, बादली भरून पाठवतो. या बादलीला बफर म्हणतात. बफर लहान ठेवला तर उशीर कमी होतो. पण प्रोसेसर जरा अडखळला की बादली रिकामी राहते आणि आवाजात ‘कटकट’ येते. मोठा ठेवला तर आवाज स्वच्छ येतो, पण उशिरा.

अँड्रॉइडची जुनी दुखरी नस हीच होती. एकच प्रणाली असंख्य कंपन्यांच्या फोनवर चालवायची असल्याने बफर मोठे ठेवले जात. ‘कमी विलंबाचा फोन’ म्हणवून घेण्यासाठी गुगलने ठरवलेली मर्यादा ४५ मिलिसेकंदांची होती. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून आवाजासाठी ‘एऑडिओ’ हा जवळचा रस्ता मिळाला आणि परिस्थिती सुधारली. मात्र तो रस्ता वापरायचा की नाही, हे गेम बनवणाऱ्याच्या हातात असते. त्यामुळे एकाच फोनवर एक गेम चोख चालतो आणि दुसरा घसरतो.

या सगळ्यावर मात करतो तो ब्लूटूथ. आवाज आकुंचित करायचा, तुकड्यांत पाठवायचा, इअरफोनमध्ये पुन्हा उलगडायचा आणि एखादा तुकडा हरवला तर खंड पडू नये म्हणून थोडा साठा राखायचा. नेहमीच्या ब्लूटूथवर यात १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. वर सांगितलेल्या चौगुनीच्या हिशेबात हा उशीर एका खुणेपेक्षा जास्त आहे. म्हणजे कान एक खूण मागे आणि डोळे एक खूण पुढे!

ब्लूटूथवर चित्रपट नीट दिसतो, मग गेम का नाही?

कारण चित्रपटात पुढे काय येणार हे प्लेअरला माहीत असते. आवाजाला २०० मिलिसेकंद उशीर होणार असेल, तर तो चित्रही तितकेच थांबवून दाखवतो. ओठ आणि शब्द जुळतात आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. गेमला मात्र तुमचे बोट कधी पडेल हे आधी कळू शकत नाही. तुमच्या ठोक्याचा आवाज ठोका पडल्यानंतरच जन्मतो आणि मग तो सगळा प्रवास करून कानात येतो.

‘कॅलिब्रेशन’ने काय साधते, काय नाही?

चांगल्या रिदम गेमच्या सेटिंगमध्ये ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘ऑफसेट’ असा पर्याय असतो. गेम टक-टक आवाज वाजवतो, खेळाडू त्यावर टॅप करतो. टॅप सरासरी १८० मिलिसेकंद उशिरा पडत असतील, तर गेम तेवढा आकडा पुढच्या प्रत्येक ठोक्यातून वजा करतो आणि खुणाही तेवढ्याच मागे सरकवतो. ही गरज जुनी आहे. काचेच्या जाड ट्यूबचे टीव्ही जाऊन एलसीडी आले, तेव्हा चित्रावरील प्रक्रियेमुळे उशीर वाढला. २००८ च्या ‘रॉक बँड २’च्या गिटारमध्ये तर टीव्हीचा उशीर आपोआप मोजण्यासाठी प्रकाश आणि आवाज टिपणारे सेन्सर बसवले होते.

पण कॅलिब्रेशनच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, ते फक्त स्थिर उशीर भरून काढते. उशीर कधी १५०, कधी २२० असा हलत असेल, तर सरासरी वजा करूनही ठोके विखुरतातच. दुसरी, ते तुमच्या टॅपचा आवाज लवकर ऐकवू शकत नाही. म्हणून ज्या गेममध्ये टॅप केल्यावर पियानोचा सूर किंवा ड्रमचा ठोका वाजतो, ते वायरलेसवर सर्वात जास्त खटकतात.

यात माणसाचाही वाटा असतो. ठेक्यावर बोट आपटायला सांगितले, की बहुतेक लोक नकळत ठोक्याच्या थोडे आधी, काही वेळा काही दशक मिलिसेकंद आधी, बोट आपटतात. मानसशास्त्रातील प्रयोगांत हे वारंवार दिसले आहे. सराव असलेल्या वादकांत हा फरक कमी असतो. त्यामुळे भावाने केलेले कॅलिब्रेशन बहिणीला लागू पडेलच असे नाही.

ऑनलाइन तबल्याच्या शिकवणीशी याचा संबंध काय?

गणित तेच आहे. पुण्यातील गुरू आणि कॅलिफोर्नियातील शिष्य व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवू शकत नाहीत, ते केवळ इंटरनेट मंद आहे म्हणून नव्हे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी एका बाजूला ६७ मिलिसेकंद लागणारच आणि जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडे एकत्र वादन अवघड होऊ लागते. दोघेही एकमेकांची वाट पाहत लय ओढत नेतात. म्हणून शिष्य आपल्या फोनवर लेहरा लावून वाजवतो आणि गुरू फक्त ऐकतो. तेथेही शिष्याच्या कानात ब्लूटूथ असेल, तर लेहरा त्याला जसा ऐकू येतो तसा गुरूला ऐकू येत नाही आणि ‘लय सुटते आहे’ अशी विनाकारण बोलणी बसू शकतात.

मग खेळताना काय करावे?

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे वायरचा इअरफोन. फोनला ३.५ मिमीचे छिद्र नसेल, तर यूएसबी-सीचा वायर असलेला इअरफोन किंवा जोडणी चालते. तेही नसेल तर फोनचा स्वतःचा स्पीकर वायरलेसपेक्षा बरा. ब्लूटूथच वापरायचे असेल, तर इअरफोनमधील ‘गेमिंग मोड’ सुरू करावा, मग कॅलिब्रेशन करावे आणि टॅपचा आवाज सेटिंगमधून बंद ठेवावा. इअरफोन बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करावे. चार टॅपवर समाधान न मानता पंधरा-वीस टॅप घ्यावेत. बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. तो प्रोसेसरचा आणि काही फोनवर स्क्रीनचाही वेग कमी करतो. २०२२ मध्ये निकष पूर्ण झालेले ‘एलई ऑडिओ’ हे नवे ब्लूटूथ उशीर कमी करते. मात्र त्यासाठी फोन आणि इअरफोन दोन्हींत ते असावे लागते. खरेदीपूर्वी हे तपासावे.

कोणता गेम घ्यावा? पियानोची आवड असल्यास तैवानच्या रेयार्कचा ‘डीमो’, वेगवान बोटांसाठी त्यांचाच ‘सायटस २’, दोनच बटणांत मजा हवी असेल तर ‘म्यूज डॅश’. संगणक असेल, तर मलेशियातील सेव्हन्थ बीट गेम्सचा ‘रिदम डॉक्टर’ पाहण्यासारखा आहे. रुग्णाच्या हृदयाला सातव्या ठोक्यावर झटका द्यायचा, एवढाच खेळ. सात मात्रांचा रूपक हाताने मोजायची सवय असलेल्यांना तो लगेच आपलासा वाटेल. फक्त येथे सारा भार पहिल्या मात्रेवर नसून सातव्या ठोक्यावर असतो.

आणि तरीही ‘मिस’ येत राहिले, तर एक साधी परीक्षा घ्यावी. ठोके सतत एकाच बाजूला, म्हणजे नेहमी उशिरा किंवा नेहमी लवकर पडत असतील, तर आधी फोन, इअरफोन आणि ऑफसेट तपासावा. ते कधी अलीकडे, कधी पलीकडे पडत असतील, तर वायर जोडून पाहावी. वायर जोडल्यावरही विखुरलेपण तसेच राहिले, तर मात्र रियाज वाढवावा.